रिकाम्या गाडीचं वजन

नौशीन सिस्टरच्या सुईला पेशंट घाबरत नसत, जिभेला घाबरत. सुई एकदा टोचली की विषय संपला. सिस्टरचं बोलणं मात्र वडापच्या जीपमध्ये बसून घरापर्यंत सोबत जायचं. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसचा विभाग होता आणि तिथं बरीच वर्षं तिचंच राज्य होतं. डॉक्टर यायचे, फेरी मारून जायचे. मशीनच्या कंपनीची माणसं यायची, काहीतरी खोलून-जोडून जायची. नौशीन मात्र सकाळची बॅच लागायच्या आधी हजर असे आणि शेवटचा पेशंट जिना उतरेपर्यंत हलत नसे.

मूळची ती कोरेगावची. वडील सिकंदरभाई बाजारपेठेत तराजू आणि काटे दुरुस्त करायचे. घेवड्याच्या व्यापाऱ्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जात. एखादा व्यापारी हळूच म्हणायचा, "सिकंदरभाई, जरा आमच्या बाजूला झुकता ठेवा की." सिकंदरभाई त्याचा काटा तसाच त्याच्या हातात देऊन त्याला दुकानाबाहेर काढायचे. काटा समोरच्याचं तोंड बघून बोलत नाही, असं ते म्हणत. शाळेतून येऊन दुकानात बसणाऱ्या नौशीनच्या मनात ते पक्कं बसलं. पुढं ती नर्सिंग शिकली, लग्न होऊन सांगलीत आली, आणि नवरा अश्फाक गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा, तर त्याच्या दुकानाचा हिशोबही तिनेच शिस्तीला लावला. माणसं फसवतात, काटा फसवत नाही, एवढ्या भांडवलावर तिचा संसार आणि तिची नोकरी दोन्ही नीट चालले होते.

डायलिसिसमध्ये काट्याला मान फार. किडन्या गेलेल्या माणसाला लघवी होत नाही. तो जे पाणी पितो ते अंगातच साठतं. साठलेलं पाणी मशीन काढून टाकतं, पण किती काढायचं ते मशीनला आपण सांगायचं असतं आणि ते वजनावरून ठरतं. म्हणून विभागाच्या दारातच काटा ठेवला होता. आलेल्या पेशंटने आधी त्याच्यावर चढायचं. नौशीन आकडा मोठ्यानं वाचायची आणि राणी, तिथली मदतनीस मावशी, तो फळ्यावर लिहायची. वजन बरोबर असलं तर नौशीन "शाब्बास" म्हणायची. जास्त असलं तर मग बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत त्या माणसाची जी पूजा बांधली जाई, ती ऐकून पुढच्याची तहान तिथल्या तिथं मरायची.

आता खरं सांगायचं तर पाणी सगळेच पीत. रोख पैसे भरून येणारेही पीत. पण त्यांना नौशीन म्हणायची, "काका, जरा सांभाळा हं." आणि सरकारी योजनेतून फुकट डायलिसिसला येणाऱ्यांना म्हणायची, "फुकटचं आहे म्हणून मशीनचा जीव घ्यायला आलात काय?" या दोन वाक्यांतला फरक तिच्या स्वतःच्या कधी ध्यानात आला नाही. कुणी दाखवून दिला असता तर ती त्याच्याशीच भांडली असती.

तिचा राग उगाच होता असंही नाही. योजनेवाल्यांनी तिला कमी छळलं नव्हतं. एकजण मेव्हण्याच्या पोराचं जावळ आहे म्हणून डायलिसिसलाच आला नाही आणि नंतर मटण खाऊन, फुगून, धापा टाकत आला. एका बाईनं स्वतःच्या बीपीच्या गोळ्या जावेला दिल्या, कारण काय तर तिलाही चक्कर येते. कुणाला नंबर मागं-पुढं झाला की गावातल्या पुढाऱ्याचा फोन यायचा. "सरकार देतंय, तुमच्या घरचं काय जातंय?" हे तर तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की नुसतं "सरकार" म्हटलं तरी तिचं डोकं तडकायचं. त्यात योजनेचे पैसे वरून लवकर येत नाहीत म्हणून मालक खाली कुरकुर करायचे आणि ती कुरकुर जिना चढून नौशीनच्याच डोक्यावर येऊन बसायची.

पण रागाच्या तळाशी दुसरंच काही होतं. तिनं माणसं जाताना बघितली होती. पाणी छातीत शिरलं की माणूस कोरड्या जमिनीवर बसल्या बसल्या बुडतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती ओरडायची. मी गोड बोलले तर ही माणसं मरतील, असा तिचा हिशोब होता.

मनुबाई आणि नाथाजी दिवाळीनंतर यायला लागले. कवठे महांकाळच्याही पलीकडचं त्यांचं गाव. मनुबाई हाडापेरानं दणकट, मोठ्या आवाजाची, हसली की पडवी हलावी अशी बाई. नाथाजी तिच्यापुढं किरकोळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोलण्यात मात्र चतुर. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी केली होती, हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याला ओढल्या होत्या. बायकोच्या किडन्या गेल्यावर त्यानं ट्रॅक्टर सोडला. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला वडापनं आणायची आणि परत न्यायची, हेच त्याचं काम झालं.

मनुबाईला तहान आवरत नव्हती. "तोंडात रेती भरल्यावानी हुतंय वो सिस्टर," ती म्हणायची. नाथाजीनं पाण्याची घागर कुलपात ठेवली, तर ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या बादलीतलं पाणी प्यायली. हे नाथाजीनंच येऊन सांगितलं. सांगताना हसत होता, पण हसता हसता त्याचा आवाज फाटला.

"तिनं पाणी मागितलं की मला न्हाई म्हणवत न्हाई," तो म्हणाला. "आवं, जनावरालाबी आपुन न्हाई म्हणत न्हाई."

"मग जनावरासारखीच दावणीला बांधा," नौशीन म्हणाली. राणीनं नजर खाली घातली.

नौशीनलाही बोलल्यावर जरा लागलं असावं, कारण त्या दिवशी तिनं नाथाजीला समोर बसवून नीट समजावून सांगितलं. "तुम्ही ऊस नेत होता ना कारखान्याला? मग काट्यावर गाडी कितीदा चढायची?"

"दोनदा. भरल्याली एकदा, खाली झाल्याली एकदा."

"मधला फरक म्हणजे ऊस. बरोबर? आता मनुबाई म्हणजे गाडी. त्या पितात ते पाणी म्हणजे ऊस. डॉक्टरांनी रिकाम्या गाडीचं वजन ठरवून दिलंय. त्याच्यापेक्षा काट्यावर जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी. ते आम्ही उतरवून घेतो. जास्तच भरून आणलंत तर मशीनला ओढवत नाही."

नाथाजीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. इतके दिवस डॉक्टर लोक काय ते इंग्रजीत बोलत होते, त्याच्या टाळक्यात शिरत नव्हतं. आणि हे कसं, चटकन बसलं. बाकावरचे बाकीचेही कान देऊन ऐकत होते. तिकडची बहुतेक माणसं या ना त्या वाटेनं उसाशीच बांधलेली. "आरं, म्हंजे आपुन समदी ट्रॉल्याच की!" म्हणून दादासो पैलवान मोठ्यानं हसला. तोही योजनेतलाच, एकेकाळी तालमीत घुमलेला गडी. तेव्हापासून नौशीन सगळ्यांना ट्रॉलीचंच उदाहरण द्यायला लागली. उदयसिंह सर, किडनीचे डॉक्टर, त्यांनीही ते ऐकलं आणि हसून मान डोलावली.

समजलं म्हणून तहान थोडीच भागते? संक्रांतीनंतर एका मंगळवारी मनुबाई अशी भरून आली, की एका बैठकीत ते पाणी निघेना. मशीननं जोर लावला तसे तिच्या पायात गोळे आले, बीपी पडलं, ओकारी झाली, डोळे फिरले. नौशीन आणि राणीनं मिळून तिला कशीबशी सावरली. नौशीनची भीती नेहमी रागाच्याच वाटेनं बाहेर पडायची, तशीच त्या दिवशीही पडली.

"ऐका, नाथाजी! पुढच्या खेपेला एवढं वजन घेऊन आलात तर मी योजनेतून यांचं नावच कापायला लावते. मग बसा घरी, प्या पाणी पोटभर!"

योजनेतून कुणाचं नाव कापायचा नौशीनला काडीचाही अधिकार नव्हता. ते तिला माहीत होतं, राणीला माहीत होतं, उदयसिंह सरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मनुबाईला आणि नाथाजीला. मनुबाई आवाज न करता रडायला लागली. नाथाजीनं डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला. मग जवळ येऊन त्यानं विचारलं, "सिस्टर, एकच सांगा. काट्यावर वजन बरोबर आलं, म्हंजे झालं न्हवं?"

"झालं."

"दुसरं कायबी बघत न्हाई न्हवं?"

"मी काटा बघते. बाकी मला काही सांगत बसू नका."

आणि काय सांगावं, पुढच्याच आठवड्यापासून मनुबाईचं वजन सुधारलं. आधी थोडं, मग आणखी थोडं, मग एका शुक्रवारी असं आलं, की नौशीननं आकडा दोनदा वाचला. "शाब्बास, मनुबाई! बघा, ठरवलं की होतं." मनुबाई लाजली. नाथाजी मागून म्हणाला, "गाडीच हलकी केली, सिस्टर!" बाकावरचे सगळे हसले. नौशीनही हसली. "करा, करा," ती म्हणाली. गंमतच वाटली तिला.

मनुबाईचं बघून की काय, मंगळवारची सगळी योजनेची बॅच सुधारत गेली. दादासो पैलवान, बयाबाई, सगळ्यांचेच आकडे फळ्यावर सरळ यायला लागले. शाब्बास, शाब्बास म्हणता म्हणता नौशीनला दिवस पुरेना. तिचं ओरडणं कमी झालं. उदयसिंह सर फळ्यापुढं थांबून म्हणाले, "सिस्टर, ही बॅच तुम्ही चांगली शिस्तीत आणलीत." त्या दिवशी घरी जाऊन तिनं अश्फाकला सांगितलं, "आखिर समजे लोगां." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच योजनेवाल्यांविषयी घरात चांगलं बोलली, म्हणून अश्फाकनं शिलाई थांबवून तिच्याकडं बघितलं.

दिसत होतं, सगळं दिसत होतं. मनुबाईच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या आधी मनगटाला रुतायच्या. आता हात वर केला की त्या खळखळ करत कोपरापर्यंत जायच्या. तिनं त्या दोऱ्यानं आवळून बांधल्या होत्या. चेहरा मात्र गोल, भरलेला. राणी म्हणाली, "मनुबाईची तब्येत सुधारली नव्हं?" नौशीनला तसंच वाटलं. बीपी वाढलेलं यायचं, त्यावर ती म्हणायची, "गोळ्या चुकवताय." नाथाजी आण घेऊन सांगायचा, की एकही गोळी चुकवली नाही. नौशीन मान हलवायची. गोळ्यांच्या बाबतीत योजनेवाले खोटंच बोलतात, हे तिचं ठरलेलंच होतं. मनुबाईला खोकला यायला लागला, तो थंडीचा म्हणून सोडून दिला. उदयसिंह सर महिन्यातून एकदा नीट तपासायचे, त्यांनी फळा बघितला आणि पुढं गेले. इतक्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या डोळ्यांसमोर एक बाई रोज थोडी थोडी झिजत होती, आणि सगळे तिला शाब्बास म्हणत होते. आठवलं की चीड येते, पण तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

शिमगा तोंडावर आला. त्याच सुमाराला रमजान लागला. नौशीन रोजे धरून ड्यूटी करायची, आणि कुणी तहानेची रड लावली की सांगायची, "माझ्याकडं बघा. पहाटेपासून थेंब नाही घेतला. मरते का मी?" मनुबाई तिच्याकडं देवाकडं बघावं तशी बघायची. सिस्टर बिनपाण्याची राहते आणि वर उभ्यानं काम करते, हे ती गावात जाऊन सांगायची म्हणे.

एका सोमवारी दुपार कलताना जिन्यात आरडाओरडा झाला. नाथाजी आणि वडापचा ड्रायव्हर मनुबाईला खुर्चीसकट उचलून वर आणत होते. तिचा दिवस मंगळवारचा, पण सकाळपासूनच तिला श्वास पुरत नव्हता. ओठ निळे पडलेले. घशातून घुरघुर आवाज येत होता आणि तोंडाला गुलाबी फेस. डोळे इतके मोठे झाले होते, की नौशीनला त्यांच्याकडं बघवेना.

आणि तिची ती अवस्था बघूनही नौशीनच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "किती पाणी प्यायलात?"

राणीनं ऑक्सिजन लावला. नौशीननं खुर्ची काट्यावर घेतली, खुर्चीचं वजन वजा केलं आणि आकडा वाचला. ती चक्रावली. वजन बरोबर होतं. शाब्बास म्हणावं असं, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्याच्या आसपासच.

तोवर उदयसिंह सर धावत वर आले होते. "सर, हे पाणी नाही," नौशीन म्हणाली. "काटा बघा. हार्टचं असणार काहीतरी."

सरांनी मनुबाईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. एका जागी, मग दुसऱ्या जागी, मग सगळीकडं. "फुफ्फुसं पाण्यानं भरलीत. मशीन लावा, लगेच."

"पण सर, काटा..."

सरांनी मनुबाईचा पदर खांद्यावरून बाजूला केला, दंड दोन बोटांत धरला आणि नौशीनला दाखवला. दंड कसला, हाडावर सैल पडलेलं कातडं होतं. गळ्याखालची हाडं वर आली होती, पाय मात्र सुजून तकतकीत. "ह्यांच्या अंगावर मांस उरलेलं नाही, सिस्टर," सर म्हणाले. "मांस गेलं, तेवढं पाणी आलं. काट्याला दोन्ही सारखंच."

काटा खरं तेच बोलत होता. नौशीननंच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

मशीन सुरू झालं. ती मनुबाईच्या उशाशी उभी राहिली आणि तिचा हात सोडला नाही. पाणी निघायला लागलं तसा घुरघुर आवाज कमी झाला, ओठांवर रंग आला, छातीची धडपड हळूहळू थांबली. मनुबाईनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं आणि ऑक्सिजनच्या मास्कमधूनच काहीतरी विचारलं. नौशीननं कान जवळ नेला.

"काटा बरोबर हाय न्हवं?" मनुबाई विचारत होती. "नाव न्हाई न्हवं कापत?"

नौशीनला तिथं उभं राहवेना. राणीला उशाशी बसवून ती बाहेर आली. जिन्याच्या कठड्याला टेकून नाथाजी बसला होता. ती त्याच्या शेजारी खाली फरशीवरच बसली. आजवर ती कुठल्या नातेवाइकाच्या शेजारी अशी बसली नव्हती, त्यामुळे नाथाजी दचकून उठायला लागला. तिनं त्याला हात धरून बसवलं.

"श्वास परत आलाय त्यांना. वाचल्या," ती म्हणाली. नाथाजीनं टॉवेल तोंडाला लावला. त्याचं रडू ओसरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आता मला खरं सांगा. मनुबाई काय खात होत्या?"

"न्हाई खात," नाथाजी म्हणाला. लपवाछपवी काही नाही, साधं सांगितलं. "भाकरी बंदच केलीया तिची. संक्रांतीपास्नं. कवा एखादी चतकोर, कवा नुसतं ताक. आवं, म्या सांगितलं की तुमास्नी, गाडी हलकी केली म्हणून."

"म्हणजे काय?"

"तुमीच समजावलं न्हवं ट्रॉलीचं? आता बघा. कारखान्यानं भरल्याल्या गाडीचं वजन ठरवून दिल्यालं असायचं. त्याच्यावर गेलं की गाडी माघारी. मग आमी काय करायचो? ट्रॉलीच्या फळ्या काढायचो, जादाचं चाक काढायचो, हत्याराची पेटी घरी ठेवायचो. गाडी हलकी झाली की तेवढ्याच वजनात ऊस जास्त बसायचा." तो समजावून सांगत होता, तिनं त्याला समजावलं होतं तस्सं. "हिला पाण्याबिगर ऱ्हावत न्हाई, सिस्टर. भाकरीबिगर ऱ्हाती ती. उपासाची सवय हाय तिला, सोमवार हाय, चतुर्थी हाय. मग म्हणलं, फळ्या काढू. भाकरी काढली, पाणी दिलं. काटा बरोबर आला. तुमी शाब्बास म्हणला."

हा माणूस लबाड नव्हता, बेफिकीर नव्हता, फुकट्या तर नव्हताच. नौशीननं सांगितलेला शब्द न शब्द त्यानं मनापासून पाळला होता. आयुष्यभर जी अक्कल वापरून पोट भरलं, तीच त्यानं बायकोचा जीव वाचवायला वापरली होती. बायकोला तहानेनं तडफडताना बघवत नव्हतं म्हणून त्यानं तिला उपाशी ठेवली होती, आणि ती उपाशी राहिली म्हणून नौशीन खूश झाली होती.

"सिस्टर," नाथाजीनं भीत भीत विचारलं, "माझं कुटं चुकलं वो?"

खालच्या गल्लीतल्या मशिदीतून अजान ऐकू आली. राणी रोजच्यासारखं तिच्यासाठी खजूर आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. नौशीननं पेला ओठाला लावला. दिवसभराच्या कोरड्या घशाला पाण्याचा पहिला घोट काय वाटतो हे तिला दरवर्षी कळायचं. पण मनुबाईला असा घोट कधीच हक्कानं मिळत नव्हता, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिला ढसाढसा रडू आलं. नाथाजी घाबरून राणीकडं बघायला लागला.

"नाव कुणी कापू शकत नाही तुमचं," डोळे पुसत ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. उद्यापासून मनुबाईला भाकरी, अंडं, सर सांगतील ते पोटभर द्यायचं. पाण्याचं आपण मिळून बघू. तुमच्या गाडीचं वजन नव्यानं ठरवायचं आणि मधून मधून परत बघायचं, ते आमचं काम होतं. आम्ही केलं नाही."

नाथाजीनं मान हलवली. त्याला अर्धं समजलं, अर्धं नाही. मग काहीतरी आठवून तो म्हणाला, "मग बाकीच्यास्नीबी तसंच सांगू का?"

"बाकीच्यांना म्हणजे?"

"वडापमधल्या समद्यास्नी. दादासो पैलवान, बयाबाई, समदी. म्या सांगितलं की त्यांना, गाडी हलकी करा म्हणून. चांगली गोष्ट लपवायची कशाला? समदीच रडत हुती बिचारी, तुमी वरडता म्हणून."

त्या क्षणी नौशीनच्या डोळ्यांपुढं फळा उभा राहिला. सरळ, नीट आलेले सगळे आकडे. तिचा तो अभिमान. ती धावत आत गेली आणि तिनं उदयसिंह सरांना सांगितलं. सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उद्या एकालाही तपासल्याशिवाय मशीन लावायचं नाही. मी सकाळी इथंच आहे."

मंगळवारी सकाळी वडापची जीप नेहमीच्या वेळेला आली. जिन्यावर नेहमीचीच गडबड, हसणं. मनुबाई खालच्या मजल्यावर ऑक्सिजन लावून निजली आहे हे अजून कुणाला माहीत नव्हतं. दादासो पैलवान सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्या सदऱ्यात आता आणखी एक दादासो मावला असता, हे नौशीनला आज दिसलं. बयाबाईनं गळ्यातली काळी पोत गाठ मारून आखूड केली होती, तेही दिसलं. सगळे चेहरे गोल, फुगलेले. आजवर हेच चेहरे तिला सुधारलेले वाटत होते.

दादासो काट्यावर चढला, छाती काढून उभा राहिला. "बगा सिस्टर, हाय का न्हाई बरोबर?"

नौशीननं आकड्याकडं बघितलंच नाही. तिनं काट्याचं बटण बंद केलं. "पैलवान, काल काय जेवलात?" तिनं विचारलं.

"कायबी न्हाई!" दादासो फुशारकीनं म्हणाला. "परवाबी न्हाई. आवं, तालमीत वजनात बसायला आमी ह्येच करायचो."

"म्याबी न्हाई, सिस्टर," बाकावरून बयाबाईनं हात वर केला. तिच्या मागून आणखी एक हात वर गेला, मग आणखी एक. कोण निव्वळ चहावर होतं, कोण ताकावर. आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, ती आता शाब्बास म्हणेल म्हणून.